कोल्हापुरात रेणवीय आणि पेशी जीवशास्त्राची सामायिक यंत्रे: ती सांभाळणार कोण?

करवीरवासी

कोल्हापूर परिसरातील महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि वनस्पतिशास्त्र विभागांत रेणवीय जीवशास्त्राचे काम आता पदव्युत्तर प्रकल्पांपर्यंत पोहोचले आहे. राधानगरीच्या जंगलातील वनस्पतींचे डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखणे), उसाच्या मुळांभोवती वाढणारे जिवाणू, औषधी वनस्पतींच्या अर्काचा कर्कपेशींवर होणारा परिणाम, असे विषय विद्यार्थी स्वतःहून मागतात. डीएनएच्या प्रती काढणारे साधे पीसीआर यंत्र आणि त्या प्रती पाहण्यासाठीची जेलची टाकी अनेक ठिकाणी सापडते. रिअल-टाइम पीसीआर (डीएनए वाढत असतानाच त्याचे प्रमाण मोजणारे), फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी प्रकाशाने मोजणारे), कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक (लेसरने पेशीच्या एकेका थराचे चित्र घेणारा), अल्ट्रासेंट्रिफ्यूज (अतिवेगाने फिरवून घटक वेगळे करणारे) यांसारखी यंत्रे मात्र प्रत्येक विभागाने वेगवेगळी घ्यावीत इतका पैसा कोणाकडेच नाही, आणि घेतली तरी एका विभागाच्या कामावर ती वर्षातील बराच काळ बंदच राहतील. म्हणून हा धागा काढत आहे.

सामायिक यंत्रांची पद्धत आपल्या शहराला नवी नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात सामायिक सुविधा केंद्र आहे, आणि केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने चालणारी ‘सैफ’ ही प्रगत विश्लेषण उपकरणांची सुविधाही तेथे आहे. नमुना द्यायचा, शुल्क भरायचे आणि ठरलेल्या दिवशी निष्कर्षांची फाइल घ्यायची, ही शिस्त पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राच्या संशोधकांच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु पातळ थराचा किंवा नॅनोकणांचा नमुना कुपीत बंद करून ठेवला तर तो पाळी येईपर्यंत थांबतो. पेशी थांबत नाहीत. संवर्धनातून काढलेल्या पेशी काही तासांत मरू लागतात, आणि आरएनए तर आपल्या त्वचेवरून, टिपांवरून, साध्या पाण्यातून येणाऱ्या आरएनएज या विकराने बघता बघता तुटतो. त्यामुळे तेथील नियम जसेच्या तसे उचलून जीवशास्त्राला लावता येणार नाहीत.

माझे मत स्पष्ट आहे. सामायिक सुविधा उभी राहते किंवा बुडते ती यंत्र चालवणाऱ्या कायम नेमणुकीच्या माणसावर. आपल्या जिल्ह्यातील सहकारी उपसा सिंचन संस्था पाहा. नदीवरची मोटार सर्व सभासदांच्या मालकीची असते, तरी कोणाच्या रानात पाणी कधी सोडायचे हे पाहणारा पाटकरी संस्था पगार देऊन नेमते. मोटार सगळ्यांची आहे म्हणून ज्याने त्याने येऊन खटका दाबावा, असे कोणी म्हणत नाही. प्रयोगशाळेत आपण नेमके तेच होऊ देतो. यंत्र अनुदानातून येते, पद मंजूर होत नाही, एखादा प्रकल्प सहायक किंवा पीएचडीचा विद्यार्थी ते शिकून घेतो, दोन-तीन वर्षे सगळ्यांचे नमुने चालवून देतो, आणि त्याचा प्रबंध सादर झाला की यंत्राविषयीचे सगळे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. त्यानंतर यंत्रावर कापडी आच्छादन चढते.

जाणत्या ऑपरेटरला काय दिसते, याचे एक उदाहरण रिअल-टाइम पीसीआरचे देतो. या यंत्रात प्रकाश बहुधा नळीच्या झाकणातून आत जातो आणि तेथूनच परत येतो. नवा वापरकर्ता सवयीने झाकणावर मार्करने नमुन्याचा क्रमांक लिहितो, त्या कप्प्याचा प्रकाश अडतो, आणि आलेख वाकडा आल्यावर तो प्रायमरला (डीएनएची प्रत जेथून सुरू होते त्या लहान तुकड्याला) दोष देतो. मार्करची शाई यंत्राच्या ठोकळ्यात उतरली तर पुढच्या वापरकर्त्याच्या नमुन्यातही खोटी चमक दिसते. प्रमाण-आलेखाचा (ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांवरून काढलेल्या आलेखाचा) उतार उणे ३.३२ च्या आसपास आला तरच दर चक्रात डीएनए दुप्पट होत आहे असे धरता येते. उतार त्यापासून बराच सरकलेला असतानाही जनुकाची अभिव्यक्ती इतक्या पटींनी वाढली असे लिहिणारे प्रबंध मी वाचले आहेत. हे सर्व ऑपरेटरने त्याच दिवशी, त्याच टेबलापाशी सांगायला हवे. यंत्राच्या पुस्तिकेत ते असते, पण पुस्तिका कपाटात असते.

कोणती यंत्रे खरोखर सामायिक ठेवता येतील, त्यांचे शुल्क कसे ठरवावे आणि बाहेरून येणाऱ्या जिवंत नमुन्यांचे काय करावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

पेशीसंवर्धक

करवीरवासी सर, ऑपरेटरच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. परंतु पेशी संवर्धनाच्या खोलीबाबत मला आधीच सावध करावेसे वाटते. फ्लो सायटोमीटर, कॉन्फोकल, प्लेट रीडर (अनेक लहान कप्प्यांतील नमुने एकदम मोजणारे), जेल डॉक (जेलचे छायाचित्र घेणारे) ही यंत्रे अवश्य सामायिक असावीत. पेशी वाढवण्याचा कार्बन डायऑक्साइड इन्क्यूबेटर आणि गाळलेल्या हवेत सुरक्षितपणे काम करण्याचे बायोसेफ्टी कॅबिनेट मात्र अनोळखी लोकांत वाटून घेण्याच्या वस्तू नाहीत.

याचे सर्वांत मोठे कारण मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू. बुरशी किंवा साधे जिवाणू आले तर माध्यम गढूळ होते, रंग बदलतो, वास येतो आणि फ्लास्क टाकून देता येतो. मायकोप्लाझ्माने माध्यम गढूळ होत नाही. त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे माध्यमात घातलेल्या पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि आकाराने तो इतका लहान व लवचीक असतो की ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतूनही निसटू शकतो. पेशी वाढत राहतात, फक्त त्यांची वाढ मंदावते, चयापचय बदलतो आणि जनुकांची अभिव्यक्ती बदलते. म्हणजे आपण औषधी अर्काचा परिणाम मोजतो आहोत असे समजून प्रत्यक्षात संसर्गाचा परिणाम मोजत बसतो. एकाच इन्क्यूबेटरमध्ये चार महाविद्यालयांचे फ्लास्क ठेवले, आणि त्यांपैकी एकाने कोणाकडून तरी हातोहात मिळवलेली पेशीरेषा (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या एका प्रकारच्या पेशी) आणली असेल, तर काही आठवड्यांत चारही जणांचे काम वाया जाऊ शकते, आणि ते वाया गेले आहे हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की पेशीरेषा शक्यतो पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारासारख्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्याव्यात. तरीही खोलीत आलेली प्रत्येक नवी पेशीरेषा आधी वेगळ्या इन्क्यूबेटरमध्ये ठेवावी, आणि पीसीआर किंवा डीएनएला चिकटणाऱ्या होएक्स्ट रंगाने तपासणी झाल्यावरच मुख्य इन्क्यूबेटरमध्ये न्यावी. त्यानंतरही दर महिन्याला तपासणी चालू ठेवावी. वेगळा इन्क्यूबेटर घेण्याइतका पैसा नसेल तर सामायिक पेशी संवर्धन सुरूच करू नये, असे मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट, जी खरेदीच्या वेळी वारंवार चुकते. लॅमिनार (गाळलेल्या हवेच्या प्रवाहाचे कामाचे टेबल) आणि बायोसेफ्टी कॅबिनेट एकच आहेत असे समजून स्वस्त मिळते म्हणून आडव्या प्रवाहाचा लॅमिनार घेतला जातो. त्यात गाळलेली हवा नमुन्यावरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. माध्यम ओतण्यासाठी ते ठीक आहे. मानवी पेशी किंवा रुग्णाच्या नमुन्यासाठी दुसऱ्या वर्गाचे (क्लास २) बायोसेफ्टी कॅबिनेटच हवे, आणि त्याच्या हेपा या हवेच्या सूक्ष्म गाळणीची व हवेच्या वेगाची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. कॅबिनेट एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपाशी सरकवले तरी तपासणी पुन्हा करावी लागते.

गडहिंग्लजची विद्यार्थिनी

नमस्कार सर आणि मॅडम. मी जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात आहे. आमच्या महाविद्यालयातून कोल्हापूरला बसने दोनएक तास लागतात. सामायिक सुविधा झाली तरी नमुना तेथपर्यंत कसा न्यायचा, हा माझ्यासारख्यांचा खरा प्रश्न आहे. कोणता नमुना प्रवासात टिकतो आणि कोणता टिकत नाही, हे कोणी नेमकेपणाने सांगेल का? माझे काम वनस्पतींच्या अर्काचा पेशींवरील परिणाम पाहण्याचे आहे. त्यासाठी फ्लो सायटोमीटर लागेल असे मार्गदर्शकांनी सांगितले आहे.

शून्याखाली

ताई, प्रश्न योग्य विचारलात. प्रयोगाची आखणी यंत्रापासून उलट दिशेने करायची सवय लावली तर प्रवासाचा निम्मा त्रास टळतो.

फ्लो सायटोमीटरवर आपण काय मोजणार त्यावर उत्तर अवलंबून आहे. पेशीचक्र पाहायचे असेल तर पेशी ७० टक्के थंड इथेनॉलमध्ये स्थिर करता येतात, उणे २० अंशांवर काही आठवडे ठेवता येतात, आणि प्रोपिडियम आयोडाइडचा रंग यंत्रापाशी गेल्यावर देता येतो. हा नमुना गडहिंग्लजहून सुखाने येईल. पेशींचा नियोजित मृत्यू अनेक्सिन-व्ही (मरू लागलेल्या पेशींना चिकटणारे प्रथिन) ने पाहायचा असेल तर मात्र जिवंत पेशींना रंग देऊन साधारण तासाभरात मोजणी करावी लागते. तो प्रयोग यंत्राच्या इमारतीतच झाला पाहिजे. पृष्ठभागावरील प्रथिनांसाठी प्रतिपिंडांनी रंगवलेल्या पेशी पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर करून, अंधारात, चार अंशांवर एक-दोन दिवस ठेवता येतात. यंत्रावर नेण्यापूर्वी प्रत्येक नमुना ३५ ते ४० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळून घ्या. पेशींचा एक गुंता नळीत अडकला की त्या दिवशीच्या सर्व पाळ्या रद्द होतात.

डीएनएसाठी पाने आणायची असतील तर बर्फाची गरज नाही. सिलिका जेलमध्ये लवकर वाळवलेले पान महिनोन्‌महिने चांगले राहते. आरएनएसाठी ऊतीचे तुकडे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ कापून संरक्षक द्रावणात बुडवावेत, कारण जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत द्रावण पोहोचण्याआधीच आतला आरएनए तुटलेला असतो. कोरडा बर्फ आणणार असाल तर डबा हवाबंद करू नका आणि बंद मोटारीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा. उणे ७८ अंशांचा तो बर्फ थेट कार्बन डायऑक्साइड वायू होतो आणि बंद जागेत गुदमरवतो.

आता उणे ८० च्या फ्रीझरविषयी, कारण सामायिक यंत्रांत सर्वांत दुर्लक्षित तेच आहे. त्यात कोणाचे काय आहे हे कोणालाच माहीत नसते. सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांचे डबे तसेच राहतात, बर्फ साचतो, शोधाशोधीत दार उघडे राहते, आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. प्रत्येक कप्प्याचा नकाशा, प्रत्येक डब्यावर नाव, तारीख आणि मार्गदर्शकाचे नाव, आणि दरवर्षी एकदा मार्गदर्शकाची लेखी संमती घेऊन साफसफाई, एवढे झाले तरी बरेच काही साधेल. पुष्कळशा नमुन्यांना उणे ७० पुरते, आणि तेवढा फरक ठेवला तरी वीज आणि कॉम्प्रेसर दोन्ही वाचतात. फ्रीझर खोलीत भरपूर उष्णता सोडतो, म्हणून तो कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवू नये. आपल्याकडे मे महिन्यात हे विशेष जाणवते.

पुराचा विचार तर वेगळा करावाच लागेल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक काही दिवस थांबली. इमारत उंचावर असली तरी बाहेरून येणारा कोरडा बर्फ, वायूच्या टाक्या आणि जनरेटरचे डिझेल अशा वेळी येत नाही. जून महिन्यातच कार्बन डायऑक्साइडच्या भरलेल्या जादा टाक्या आणि पुरेसे डिझेल ठेवावे, आणि महत्त्वाच्या पेशीरेषा द्रव नायट्रोजनमध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. द्रव नायट्रोजनची आपल्या जिल्ह्याला सवय आहे, कारण कृत्रिम रेतनाच्या कांड्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत आणि दूध संघांकडे त्यातच ठेवलेल्या असतात. त्या पुरवठ्याची वेळापत्रके जुळवून घेता आली तर प्रयोगशाळेला पुण्याकडे पाहत बसावे लागणार नाही. फक्त एक लिटर द्रवातून सुमारे सातशे लिटर वायू होतो हे ध्यानात ठेवून ही पात्रे तळघरात किंवा बंद खोलीत कधीही ठेवू नयेत.

हिशोबनीस

मी शास्त्रज्ञ नाही. संशोधन प्रकल्पांच्या हिशोबाचे काम मी बराच काळ पाहिले आहे, म्हणून पैशांविषयी लिहितो.

यंत्र खरेदीसाठी पैसा मिळतो आणि ते चालवण्यासाठी मिळत नाही, ही रड जुनी आहे; तिचे कारण अनुदानाच्या शीर्षांत आहे. उपकरण हे एक शीर्ष, आवर्ती खर्च हे दुसरे. हमीचा काळ संपतो त्या सुमारास प्रकल्पही संपतो, आणि देखभाल कराराची पहिली मोठी रक्कम भरायची वेळ येते तेव्हा खाते बंद झालेले असते. यावर उपाय खरेदीच्या वेळीच करावा लागतो. निविदेत यंत्राच्या किमतीबरोबर हमीनंतरच्या पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभालीचा दर मागवावा आणि दोन्हींची बेरीज करून तुलना करावी. केवळ यंत्राची किंमत पाहून सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली की पुढे सुटे भाग दुप्पट दराने घ्यावे लागतात. १८ जुलै २०२२ पासून संशोधन संस्थांसाठीचा ५ टक्क्यांचा सवलतीचा वस्तू व सेवा कर राहिलेला नाही, हेही जुन्या अंदाजपत्रकांवरून नवी अंदाजपत्रके करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

शुल्काबाबत माझे मत असे की ते फुकट कधीही असू नये आणि नफ्याचेही असू नये. फुकट असले की लोक पाळी राखून ठेवतात आणि प्रत्यक्षात येतच नाहीत. शुल्कात तीन गोष्टी धराव्यात: त्या नमुन्याला लागणारी रसायने, देखभाल कराराचा वाटा आणि ऑपरेटरचा वेळ. पदव्युत्तर विद्यार्थ्याला सवलत, महाविद्यालयाला साधा दर, खासगी कंपनीला पूर्ण दर, अशी उतरंड असावी. मात्र शुल्काचे पैसे संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात न जाता सुविधेच्या स्वतंत्र खात्यात जमा झाले पाहिजेत. ते सर्वसाधारण खात्यात गेले तर दिवा बदलण्यासाठीसुद्धा फाइल चार टेबलांवरून फिरते. एका संस्थेत कॉन्फोकलचा लेसर याच कारणाने सबंध सत्रभर बंद राहिलेला मी पाहिला आहे; पैसा होता, तो खर्च करण्याचा अधिकार कोणाकडे नव्हता.

सरकारी धोरण आपल्या बाजूचे आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘फिस्ट’ योजना २००० पासून महाविद्यालये आणि विभागांना उपकरणांसाठी पैसा देते. जानेवारी २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. सार्वजनिक पैशांतून घेतलेली उपकरणे त्यावर नोंदवायची आणि बाहेरच्या संशोधकांना तेथूनच पाळी घेता यावी, अशी ती व्यवस्था आहे. पुढे २०२२ मध्ये ‘श्रीमन’ या नावाने उपकरणांचे सामायिकीकरण, देखभाल आणि विल्हेवाट यांची मार्गदर्शक तत्त्वे आली. नवा प्रस्ताव लिहिताना यांचा आधार घेतला तर ऑपरेटरच्या पदाची मागणी आपली एकट्याची राहत नाही.

आवर्तन

ऑपरेटर का हवा याचे सर्वांत गंभीर कारण अजून कोणी लिहिलेले नाही, ते म्हणजे सुरक्षितता. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा ॲल्युमिनियमचा रोटर, म्हणजे नमुन्यांच्या नळ्या धरून फिरणारा भाग, फिरता फिरता फुटला. यंत्राचे संरक्षक कवच त्याला अडवू शकले नाही. शेजारच्या फ्रीजची आणि भिंतींची नासधूस झाली. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. रोटर जुना होत जातो तसा धातू थकतो, क्षाराचे थेंब राहिले तर गंजाचे सूक्ष्म खड्डे पडतात, आणि म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर त्याचा कमाल वेग उतरवावा लागतो व पुढे तो बाद करावा लागतो. हे सर्व एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: प्रत्येक वापराची नोंद. पाच विभागांचे विद्यार्थी रोटर नेतात, आणणारा वेगळा असतो, धुणारा कोणी नसतो, अशा ठिकाणी ही नोंद राहत नाही. सामायिक सुविधेत रोटर ऑपरेटरच्या कुलपात असावा आणि तो त्यानेच बसवावा. यात तडजोड नको.

साध्या शीत सेंट्रिफ्यूजबाबत एक सूचना. नोंदवहीत फेऱ्यांची संख्या लिहू नका, ‘जी’ मूल्य (नमुन्यावरचे बल गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आहे ते) लिहा. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये मिनिटाला दहा हजार फेऱ्या म्हणजे सुमारे ११,२०० जी. आठ सेंटिमीटरच्या रोटरमध्ये त्याच फेऱ्यांचे सुमारे ८,९०० जी होतात. एका प्रयोगशाळेची पद्धत दुसरीत चालत नाही अशा तक्रारींपैकी काहींचे मूळ एवढ्यातच असते.

तालुक्यातील शिक्षिका

वरील सर्व प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरीही मला मनापासून एक हरकत नोंदवायची आहे. ऑपरेटरच यंत्र चालवणार, रोटर त्याच्याच कुलपात, विद्यार्थ्याने नमुना खिडकीतून द्यायचा आणि आठवड्याने ईमेलवर आलेख घ्यायचा, असे झाले तर आमच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण काय झाले? सर्व पैसा शहरातील एका इमारतीत जाईल, तालुक्याच्या महाविद्यालयात चांगले पिपेट आणि चालणारे ऑटोक्लेव्हही उरणार नाही, आणि आमच्या मुलींना फ्लो सायटोमीटर फक्त छायाचित्रात दिसेल. स्वतःच्या हाताने नमुना यंत्रावर लावलेल्या विद्यार्थ्यालाच निष्कर्षावर शंका घेता येते. तयार आलेख हातात आला की तो खराच वाटतो.

त्यामुळे सामायिक सुविधेच्या प्रस्तावात दोन गोष्टी असल्याच पाहिजेत असे मी म्हणेन. एक म्हणजे संलग्न महाविद्यालयांतील लहान उपकरणांसाठी वेगळा निधी, कारण मूळ नमुनाच खराब असेल तर मोठे यंत्र काही करू शकत नाही. दुसरी म्हणजे प्रशिक्षण घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना यंत्र स्वतः चालवण्याचा हक्क.

करवीरवासी

मॅडम, आपली हरकत मला पूर्णपणे मान्य आहे आणि ती प्रस्तावात गेली पाहिजे. माझ्या पहिल्या लिखाणातून ऑपरेटर हा यंत्राचा राखणदार आहे असा अर्थ निघत असेल, तर तो मला अभिप्रेत नाही. त्याने शिकवावे, यासाठीच तो कायम हवा. यंत्रांचे धोक्याप्रमाणे वेगवेगळे स्तर करता येतील. सूक्ष्म-स्पेक्ट्रोफोटोमीटर (थेंबभर नमुन्यातील डीएनए किंवा प्रथिन मोजणारे), जेल डॉक, प्लेट रीडर ही एका दुपारच्या प्रशिक्षणानंतर कोणीही वापरावीत. रिअल-टाइम पीसीआर आणि कॉन्फोकल यांसाठी प्रात्यक्षिक परीक्षा असावी. कॉन्फोकलच्या बाबतीत ती कडक असावी, कारण लाखांच्या किमतीचे कोरडे ऑब्जेक्टिव्ह तेलात बुडवायला एक क्षण पुरतो. अल्ट्रासेंट्रिफ्यूज आवर्तन यांनी सांगितले तसेच राहावे. फ्लो सायटोमीटरवर विद्यार्थ्याने ऑपरेटरशेजारी बसून आलेखावर स्वतःच्या पेशींभोवतीची चौकट स्वतः आखावी, मात्र सकाळची प्रमाणित सूक्ष्म मणी वापरून यंत्राची तपासणी आणि संध्याकाळची धुलाई ऑपरेटरने करावी.

पीसीआरच्या खोल्यांविषयी लिहायचे राहिले होते. तीस चक्रांत डीएनएच्या एका रेणूचे सुमारे १०७ कोटी रेणू होतात. ती नळी उघडली की त्यातील सूक्ष्म थेंब हवेत, पिपेटच्या आत, हातमोज्यांवर जातात आणि पुढच्या माणसाच्या नमुन्यात उतरतात. अनेक गटांनी वापरायच्या जागेत मिश्रण तयार करण्याची खोली आणि जेल चालवण्याची खोली वेगळी हवी, दोन्हींचे पिपेट आणि ॲप्रन वेगळे हवेत, आणि जेलच्या खोलीतून त्या दिवशी कोणी मागे परत येऊ नये. डीएनए न घातलेली नियंत्रण-नळी प्रत्येक पाळीत असावी. तिच्यात पट्टा दिसला तर ती पाळी बाद. ही शिस्त जागेवर उभी असते, पैशांवर कमी. म्हणून इमारतीचा नकाशा होण्याआधीच जीवशास्त्राच्या लोकांना विचारले गेले पाहिजे.

पेशीसंवर्धक

नकाशाबरोबर परवानग्यांचेही आधीच पाहावे. बाहेरून येणाऱ्या नमुन्याच्या अर्जावर तो कोणत्या जोखीम गटातील (सूक्ष्मजीव किती धोकादायक आहे त्यानुसारच्या गटातील) आहे, त्यात जनुकीय बदल केलेला जीव आहे का आणि तो रुग्णाकडून आला आहे का, हे तीन प्रश्न असलेच पाहिजेत. जनुकीय बदलांच्या कामासाठी १९८९ च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता लागते. यजमान संस्थेची समिती पाहुण्याच्या नमुन्याची जबाबदारी घेणार का, हे लेखी ठरावे. मानवी नमुन्यांचा कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे जायला हवा. या गोष्टी ऑपरेटरवर ढकलून चालणार नाही.

आणि ज्यांच्या हातून हे सर्व होणार त्यांच्या श्रेयाविषयी: प्रबंधात आणि शोधनिबंधात सुविधेचा व ऑपरेटरचा आभारात उल्लेख ही प्रवेशाची अट असावी, आणि प्रयोगाच्या आखणीत किंवा विश्लेषणात त्याचा बौद्धिक वाटा असेल तर तो सहलेखक असावा. पुढच्या अनुदानासाठी सुविधेला आपला उपयोग दाखवावा लागतो, तो याच उल्लेखांवरून दाखवता येतो.

गडहिंग्लजची विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अनेक्सिन-व्ही चा भाग पुढे ढकलून पेशीचक्राचा प्रयोग आधी करावा, असे मार्गदर्शकांशी बोलून ठरवले आहे. प्रशिक्षणाची परीक्षा असेल तर तिच्यासाठी आम्ही आमच्या महाविद्यालयात आतापासून कोणती तयारी करू शकतो?

शून्याखाली

पिपेटपासून सुरुवात करा, ताई. चांगला तराजू असेल तर आणखी काही लागत नाही. शंभर मायक्रोलिटर शुद्ध पाणी खोलीच्या तापमानाला जवळपास शंभर मिलिग्रॅम भरले पाहिजे. तेच दहा वेळा सोडून दहा वजने लिहा. सगळी वजने सारख्याच प्रमाणात कमी किंवा जास्त येत असतील तर पिपेटला कॅलिब्रेशन हवे आहे. ती एकमेकांपासून विखुरलेली असतील तर आधी टिप नीट घट्ट बसते आहे का ते पाहा, आणि तिथे दोष नसेल तर हाताला सराव हवा आहे. वर्गातील प्रत्येकीचा असा तक्ता करून ठेवा. रिअल-टाइम पीसीआरच्या परीक्षेत मी परीक्षक असेन तर पहिल्यांदा तोच मागेन.